डायलला हात लावायचा नाही

माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून मी नेहमीसारखी आवाज न करता आत गेले, तेव्हा अण्णा जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरून त्यावर घड्याळं मांडत होते आणि आतल्या खोलीतून आई विचारत होती, "किती वाजले?"

"नऊ," अण्णा मान वर न करता म्हणाले.

पंच्यावरच्या घड्याळांपैकी एक दहा दाखवत होतं, एक सव्वातीन, आणि बरीचशी केव्हाच गप्प झालेली होती. इतकी घड्याळं असलेल्या घरात बाईला वेळ विचारावी लागते, असं मी काहीसं बोलले. अण्णांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. सगळी हयात वीज मंडळाच्या मीटर खात्यात काढलेला माणूस. लोकांची बोलणी अंगाला लावून घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

मी आईकडे गेले. ती कॉटच्या कडेला बसली होती. डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं. तिनं आधी मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो बाई, किती वाजले?"

गेली दोन वर्षं मी तिच्यासाठी 'अहो बाई' होते. कधी दवाखान्यातली, कधी रेशन दुकानातली, कधी नुसतीच कोणीतरी, घरात शिरलेली पण बरी दिसणारी. मीही मग तिच्याशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले होते.

"नऊ वाजले, आई. दूध घेतलंस का?"

"घेतलं हो. तुम्ही बसा ना. चहा घेणार?" असं म्हणून ती परक्या माणसाकडे पाहून हसावं तसं हसली, आणि पुन्हा मनगटाकडे पाहू लागली.

त्या रविवारी मी ठरवून आले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता फार लांबचे बेत करू नका. आणि अण्णांना मात्र वर्षभरापासून जुन्या घड्याळांचं वेड लागलेलं. बुधवार नाही, रविवार नाही, बाजाराचा दिवस उजाडला की हा गृहस्थ पिशवी घेऊन जुन्या बाजारात हजर. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला संग्रहाची हौस सुटावी, आणि तीही बायको अशी दुखणाईत असताना, याला आमच्याकडे म्हातारचळ म्हणतात. मला त्यांना त्या बाजारातून कायमचं उठवून आईच्या कॉटपाशी आणून बसवायचं होतं. शिल्लक राहिलेले दिवस त्यांनी तिच्याजवळ काढावेत, एवढंच माझं मागणं होतं.

"आज मीही येते तुमच्याबरोबर," मी म्हणाले.

"ऊन लागेल तुला."

"लागू दे."

आईला सांभाळायला येणाऱ्या कांताबाई तेवढ्यात आल्या. अण्णांनी पंचा गुंडाळला, आईच्या खोलीत डोकावून "येतो गं" म्हणाले, आणि तिनं काही विचारायच्या आतच "साडेनऊ" असं उत्तर देऊन बाहेर पडले.

जुना बाजार मी पुस्तकांच्या निमित्तानं पाहिलेला होता. पण घड्याळांचा कोपरा मला नवा होता. गंजलेले नळ, हात तुटलेल्या बाहुल्या, कोणाच्या तरी नाकावरून उतरलेले चष्मे, असा सगळा संसार ओलांडून गेलं की एका निळ्या ताडपत्रीखाली मुनीर नावाचा विक्रेता चादरीवर घड्याळं पसरून बसायचा. चादरीभोवती पाच-सहा माणसं उकिडवी बसली होती. लांबून पाहिलं असतं तर वाटलं असतं, काहीतरी हरवलंय आणि सगळे मिळून शोधताहेत.

त्यांचे म्होरके पोंक्षे. सेवानिवृत्त, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि गळ्यात मंगळसूत्रासारखं लोंबणारं भिंग. सगळे त्यांना 'सर' म्हणत. त्यांच्या उजव्या हाताला काळसेकर नावाचे गृहस्थ होते. सर बोलले की हसायचं, एवढंच काम त्यांनी पत्करलेलं दिसत होतं.

"ही माझी मुलगी," अण्णांनी ओळख करून दिली. "कॉलेजच्या ग्रंथालयात असते."

"अरे वा. म्हणजे धुळीची सवय आहे," पोंक्षे म्हणाले. काळसेकर हसले.

मग पोंक्ष्यांनी मला तालीम द्यायला सुरुवात केली. मी मागितली नव्हती. नवशिक्याची मुलगी म्हणजे त्याहून नवशिकी, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी एक कळकट घड्याळ हातात घेतलं, बाळाचं डोकं धरावं तसं.

"ताई, हा छंद म्हणजे एकच नियम. डायलला हात लावायचा नाही. पट्टा बदला, काच बदला, आतलं यंत्र धुऊन काढा. पण डायल जशी म्हातारी झाली तशीच ठेवायची. हा डाग दिसतोय? हे तिचं खानदान आहे. इथं बोहरी आळीच्या मागे रंगारी बसतात. जुनी डायल खरवडून नवी कोरी करून देतात. नवशिके भुलतात. रंगवलेली डायल म्हणजे खोटारडेपणा. वय लपवणं."

मी त्या मंडळींकडे नीट पाहिलं. एकजात सगळ्यांनी केसांना कलप लावला होता. पोंक्ष्यांचे तर इतके काळे होते, की उन्हात त्यांना जांभळी झाक मारत होती.

वाचणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. समोर घडतंय ते तो नंतरसाठी राखून ठेवतो.

अण्णा मात्र खाली बसून मुनीरशी बोलत होते. मुनीरनं त्यांना एक नाजूक, सोनेरी कडांचं घड्याळ दाखवलं. ते चांगलं असावं, कारण सगळ्यांच्या माना पुढे आल्या. अण्णांनी ते डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले, आणि विचारलं, "यापेक्षा मोठ्या आकड्यांचं नाही का?"

"खळदकर," पोंक्षे म्हणाले, "घड्याळ घ्यायला आलात की कालनिर्णय?"

सगळे हसले. मुनीरसुद्धा हसला. अण्णाही हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. घरी एक बाई वेळ विचारत बसलेली, आणि हे इथं उकिडवे बसून चेष्टेचा विषय होताहेत. बरं, व्हायचंच तर निदान जरा जाणतेपणानं व्हावं. एका वर्षात या माणसाला एवढंही कळू नये, की संग्रह करणारी माणसं घड्याळात वेळ बघत नाहीत!

"ते तुमचं काळं स्विस कुठाय?" पोंक्ष्यांनी आवाज जरा खाली आणला. मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमच्या वडलांचं नशीब बघा. भंगारवाल्याच्या टोपलीत यांना लढाईच्या काळातलं घड्याळ मिळालं. एवढं मोठं तोंड. मूळ काळी डायल, उन्हानं चॉकलेटी पडलेली. आम्ही निम्मं आयुष्य घालवलं असलं एक मिळावं म्हणून, आणि हे आले, टोपलीत हात घातला, घेऊन गेले. चांगलं जपा म्हणावं. नाहीतर मला द्या, मी जपतो."

"आहे," अण्णा म्हणाले. "नीट आहे ते."

"तशी चॉकलेटी व्हायला माणसाचं आयुष्य जावं लागतं, खळदकर. आणि बिघडायला एक दुपार."

"हो, हो," असं म्हणत अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "सुलू, तू चहा घे. मी आलोच."

ते बोहरी आळीमागच्या गल्लीच्या दिशेनं गेले. मी उभ्यानं चहा घेतला. माझ्या देखतच पोंक्षे काळसेकरांना सांगत होते, की या खळदकरांना डोळा नाही, कान नाही, नुसता हात आहे. असल्या माणसाच्या घरी चांगली वस्तू जाणं म्हणजे वाया जाणं. मी तिथं होते हे त्यांना ठाऊक होतं. पण जुन्या वस्तूंच्या जाणकाराला जिवंत माणसाची भीड कसली?

अण्णा परतले तेव्हा शर्टाच्या खिशात एक कागदी पुडी होती आणि ते तिच्यावर हात दाबून चालत होते.

रिक्षात मी तोंड उघडलं. "अण्णा, पुरे झालं आता. ती घरात वेळ विचारत बसते आणि तुम्ही घड्याळं विकत घेत हिंडता. लोक हसतात तुम्हाला."

"हसू दे."

"आणि ती?"

त्यांनी खिशातली पुडी चाचपली. मग म्हणाले, "आजचं झालं की संपलं. आता नाही जायचं बाजारात."

असं दारुडेही म्हणतात. मी रस्त्याकडे पाहत राहिले.

घरी आलो तर आई झोपली होती. आम्ही जेवलो. मी थोडं वाचलं. पाचच्या सुमाराला मी पर्स उचलली. संध्याकाळी आईची घालमेल सुरू व्हायची. उठून दाराशी जायची, कडी चाचपायची, पुन्हा येऊन बसायची. ते मला पाहवत नसे. कर्वे रस्त्यावरची गर्दी हे कारण मी वर्षभर पुरवून वापरलं होतं.

"आज जरा थांबतेस का?" अण्णा म्हणाले. "सहापर्यंत?"

"कशाला?"

"असंच."

मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. पुडी अजून तिथंच होती. "नवी खरेदी बघायला? नको, अण्णा. मला त्यातलं काही कळत नाही."

बाहेर पडताना मी आईच्या खोलीत डोकावले. ती जागी झाली होती आणि मनगटाकडे पाहत होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयात पोचते न पोचते तोच अण्णांचा फोन आला. झोपेतच गेली, म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवसातलं पुष्कळसं मी विसरले आहे. कोण आलं, कोण रडलं, कोणी चहाला नको म्हणून तीनदा घेतला, हे आता आठवत नाही. एक मात्र विसरले नाही. आंघोळ घालायला आम्ही बायका तिच्या खोलीत गेलो. काकूनं तिच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि म्हणाली, "अगंबाई, हे काय?"

आईच्या डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ होतं. मोठं, ओबडधोबड. पट्ट्याला आतल्या बाजूनं जादा भोकं पाडून ते तिच्या काडीसारख्या हातावर कसंबसं बसवलेलं होतं. आणि ते चालू होतं.

"भाऊजींचं दिसतंय," काकू पुटपुटली, आणि बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नवऱ्याचं वेड शेवटी बायकोच्या हाताला बांधून गेलं, हे सांगायला त्यांना पुढची सबंध दुपार पुरली असणार. मला लाज वाटली आणि संताप आला. घरात मांडायला जागा उरली नाही म्हणून यांनी तिचं मनगट फडताळासारखं वापरलं, असं माझ्या मनात आलं. मी ते काढलं, त्याच्या तोंडाकडे न बघता रुमालात गुंडाळलं आणि अण्णांच्या घड्याळांच्या डब्यात टाकून दिलं. रुमालातूनही ते ऐकू येत होतं.

दिवसकार्य झालं. पाहुणे पांगले. अण्णा बाजारात जाईनात, हेही खरंच. सकाळपासून ते आईच्या कॉटसमोरच्या खुर्चीवर बसायचे. मला हवे होते तिथं ते अखेर बसले होते, फक्त कॉट रिकामी होती. घड्याळांचा डबा फडताळात होता, आणि घरात आले की माझं लक्ष आधी तिकडे जाई. शेवटी मी अण्णांना म्हटलं, "हे सगळं देऊन टाकू या."

"दे," ते म्हणाले.

मी पोंक्ष्यांना फोन केला. ते रविवारी दुपारी उशिरा आले. पांढरा शर्ट, गळ्यात भिंग, हातात रिकामी बॅग. सांत्वनाला येताना माणूस रिकामी बॅग आणत नाही, पण मीच बोलावलं होतं. त्यांनी अण्णांच्या हातावर हात ठेवला, "ईश्वरेच्छा" म्हणाले, आणि आईच्या कॉटशेजारच्या टेबलाकडे खुर्ची ओढली; तिथं मी पंचा अंथरून घड्याळांचा डबा ठेवला होता.

"तुम्हाला हवी ती घ्या," मी म्हणाले. "सगळी नेलीत तरी चालेल. आज न्या म्हणजे झालं."

त्यांनी एकेक घड्याळ भिंगाखाली धरलं. "हे साधं. हेही साधं. हे आपलं देशी, चावीचं, मराठी आकड्यांचं. हे पण तेच. खळदकर, ही तर तुम्ही ढिगानं घेतलीत. काय सापडलं तुम्हाला यात?" पोंक्षे घड्याळं बॅगेत टाकत गेले, आणि प्रत्येक वेळी डब्यात आणखी खोल बघत गेले. ते काय शोधत होते हे मला कळत होतं. मग त्यांच्या हाती रुमाल लागला.

त्यांनी तो उलगडला, आणि भिंग डोळ्यावरून खाली घेतलं.

"हे कोणी केलं?"

मी पहिल्यांदाच ते घड्याळ समोरून पाहिलं. पांढरीशुभ्र डायल, आणि तिच्यावर शाळेच्या फळ्यावर लिहावेत तसे ठसठशीत काळे मराठी आकडे. बारा, तीन, सहा, नऊ, आणि मधले सगळेसुद्धा, एकही न गाळता. सेकंदकाटा काढून टाकलेला.

"खळदकर, हे ते स्विस आहे?" पोंक्ष्यांचा आवाज चिरकला. "खरवडलंत तुम्ही? तुम्हाला हजारदा सांगितलं होतं. हे म्हणजे, हे म्हणजे खून आहे हो!"

तीन आठवड्यांपूर्वी जिथून माणूस गेलं त्या घरात बसून ते हे म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"अहो, वय लपवायचं नसतं. म्हातारपण हीच त्याची शोभा. कोणा अडाण्याकडून रंगवून घेतलंत, तेही असले आकडे—"

"पोंक्षेसाहेब," मी विचारलं, "तुमची डायल कोण रंगवतं?"

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा हात आपोआप केसांकडे गेला, आणि अर्ध्यावरून परत आला.

अण्णा खुर्चीतून हलले नव्हते. "ओरडू नका," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं खरंय. पण दुसरं मिळेना."

"मराठी आकडेच हवे होते तर भिंतीवरचं घ्यायचं. मंडईत पैशाला पासरी मिळतात."

"आणलंय की." अण्णांनी कॉटसमोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं खरंच मराठी आकड्यांचं एक मोठं घड्याळ होतं. ते कधी आलं मला ठाऊक नव्हतं. "ती वर बघायचीच नाही. मनगटाकडे बघायची. मनगट मोकळं दिसलं की विचारायची. मग नवं सेलचं आणून बांधलं. तिला चावी द्यायची सवय. चावी समजून ते टोक ओढायची, घड्याळ बंद पडायचं. मग चावीची शोधली. ही सगळी तीच, तुम्ही बॅगेत टाकलीत ती. पण आकडे बारीक. मोतीबिंदू होता तिला, आणि त्या अवस्थेत ऑपरेशन कोण करणार? मोठ्या तोंडाचं, चावीचं, असं ते एकच हाताला लागलं."

पोंक्षे घड्याळाकडे पाहत होते. "निदान मूळ डायल काढून ठेवायची होती," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज गयावया केल्यासारखा होता. "दुसरी एखादी डायल रंगवून आत बसवायची. कोणीही सांगितलं असतं हो."

"असं करता येतं?" अण्णांनी विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. "ते नाही सुचलं. नवशिका ना मी."

मी आईच्या कॉटवर बसले होते. वर्षभर माझ्या डोक्यात जो प्रश्न यायला हवा होता तो मला आत्ता सुचला.

"पण अण्णा, तिला वेळ कशाला हवी होती? जायचं कुठं होतं तिला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या घराला ठाऊक असलेली गोष्ट मी विचारावी, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"शाळा साडेपाचला सुटते ना."

"कोणाची शाळा?"

"तुझी."

पोंक्ष्यांनी भिंग शर्टाच्या आत सरकवलं.

"रोज तेच," अण्णा म्हणाले. "सुलूची शाळा सुटायची झाली, रस्ता मोठा आहे, मला कोपऱ्यापर्यंत जायला हवं. साडेपाच वाजून गेले की दाराशी जाऊन ऐकत बसायची. आली का, आली का. मला वाटलं, तुला सांगितलं असेल तिनं."

"मला? मला तर ती अहो बाई म्हणायची."

"हां. मग नसेल सांगितलं. पोर एकटी घरी येते हे परक्या माणसाला कशाला सांगायचं, म्हणायची ती."

तेव्हा मला आईचं पूर्वीचं घड्याळ आठवलं. अण्णांनी नवं घेतल्यावर त्यांचं जुनं आई वापरायची. पांढरी डायल, मराठी आकडे, मनगटावर फिरून खाली घसरणारा पुरुषी पट्टा. शाळा सुटली की कोपऱ्यावर ती उभी असायची, आणि माझ्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, "सुले, तुझ्या आईनं बाबांचं घड्याळ घातलंय." पुढे ते दुरुस्तीला टाकलं आणि दुकानवालाच दुकान गुंडाळून गेला. तोवर मी कॉलेजला जायला लागले होते. त्या घड्याळाचं घरात मग कोणाला काही काम उरलं नाही.

"त्या रविवारी तुम्ही तिला हे घातलंत," मी म्हणाले.

"हो. तू गेलीस आणि घातलं. लगेच चावी दिली तिनं, बारा की तेरा पीळ, आपली पूर्वी द्यायची तशी. आकडे वाचले. एकदाही विचारलं नाही मला. साडेपाच झाल्यावर स्वतः म्हणाली, सुटली शाळा, आणि जाऊन दाराशी बसली. खुर्ची नेऊन दिली मी."

"मग?"

"बसली होती सहापर्यंत." अण्णांनी पंच्यावरची एक सुरकुती हातानं सपाट केली. "मग म्हणाली, आज उशीर झालेला दिसतोय. आणि येऊन निजली."

पोंक्षे उठले. बॅग त्यांच्या हातात होती, पण ती उचलावी की ठेवावी हे त्यांना समजत नव्हतं.

"बाकीची न्या," मी म्हणाले. "हे राहू दे."

"याचा तसा आता कोणाला..." असं त्यांनी सुरू केलं, आणि पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडून दिलं. चपला पायात सरकवून ते गेले. जाताना त्यांच्याकडून दार उघडंच राहिलं.

अण्णांनी टेबलावरचं घड्याळ उचललं. ते बंद पडलं होतं. भिंतीकडे बघून त्यांनी काटे फिरवले, मग सावकाश चावी दिली, कानाशी धरून ऐकलं, आणि माझ्यापुढे केलं. मी ते हातात घेतलं. त्या आकड्यांना चष्मा लागत नव्हता.

"किती झाले?" अण्णांनी विचारलं.

"साडेपाच," मी म्हणाले.

जिन्यातून कोणाच्या तरी पावलांचा आवाज आला आणि वरच्या मजल्यावर निघून गेला. मी उठले. उघड्या दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर उभी राहिले, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आई, आले गं मी."